पाहुण्याचा मफलर

हॅनोव्हरला आमच्या वसतिगृहात नागपूरचा एक संशोधक राहायचा. एचआयव्हीचे विषाणू पेशीतून बाहेर कसे पडतात, हा त्याचा विषय. तो कशालाही "गेनाऊ", म्हणजे जर्मनमध्ये "बरोब्बर", म्हणायचा. समोरचा शिंकला तरी.

त्याचं लग्न ठरत होतं. मुलीचे वडील जवळच्या वोल्फ्सबुर्गला आपल्या मुलाकडे आले होते, ते एका रविवारी आमच्याकडे त्याला बघायला आले. चहापोहे छान झाले. निघताना दारात बूट घालत त्यांनी सहज विचारलं, "पण तुम्ही नेमकं करता काय?"

झालं! त्याने मागून त्यांचा मफलरच पकडला.

"काका, तुम्ही विषाणू. मी पेशी. पेशी विषाणूला अशी धरून ठेवते. विषाणूचं एक प्रथिन ही पकड सोडवतं. पण ते प्रथिनच मोडून गेलं, तर तुम्ही बाहेर कसे पडणार?"

"अहो, माझी गाडी!"

"गेनाऊ! गाडी चुकणार!"

आणि चुकलीच. मी कपाळाला हात लावला. आता हे लग्न काही होत नाही.

काका मफलर सोडवून परत आत आले, खुर्चीत बसले आणि मला म्हणाले, "मुलगा येडा आहे. पण आलेल्या माणसाला इतक्या आग्रहाने कोण थांबवतं हो हल्ली?"