बिनपाना

टॅक्सीस्टँडवर त्यांना सगळे 'बिनपाना' म्हणत आणि हे नाव त्यांनी स्वतःच ओढवून घेतलं होतं. गाडीचं मीटर शेवटच्या आकड्यापर्यंत जाऊन पुन्हा शून्यापासून निघालेलं, दारं दोनदा रंगवलेली, पण इंजिन मात्र कंपनीतून आलं तसंच. "आपल्या इंजिनाला अजून पाना लागलेला नाही," हे ते नव्या ड्रायव्हरला ऐकवत, जुन्याला ऐकवत आणि कोणीच सापडलं नाही तर गिऱ्हाइकाला ऐकवत. बायको म्हणायची, "माझ्या तब्येतीची कधी एवढी चौकशी केली नाहीत."

"तुझा आवाज खणखणीत आहे की," ते म्हणायचे, "तुला काय धाड भरलीय?"

मग गाडी चढावर निळा धूर सोडू लागली आणि पाणी प्यावं तसं ऑइल पिऊ लागली. बिनपानांनी धुराचं खापर आधी पेट्रोलवर फोडलं, मग हवेवर. त्यांची लेक गॅरेजात कामाला होती. ब्रेक, क्लच, सगळं तिच्या हाताखालून गेलेलं, फक्त अख्खं इंजिन उघडून बांधायचं काम कधी वाट्याला आलं नव्हतं. पुढचं तुझंच, असा तिथल्या वस्तादांनी तिला शब्द दिला होता. तिने बॉनेट उचलून नुसता कान लावला.

"बाबा, उघडावं लागेल."

बाबांनी जेवताना कोणाशी बोलायचं सोडून दिलं. शेवटी त्यांनीच तोडगा काढला. "उघडायचं नाही. दुसरं इंजिन टाकू. हे आहे तसं उतरव." गेलं तरी बिनपान्याचंच गेलं, एवढं स्टँडवर सांगता आलं म्हणजे झालं!

लेकीने कपाळाला हात लावला. "नुसतं झिजलं असेल, तर सिलिंडर आतून घासून, बोअर करून हेच कितीतरी वर्षं पळेल. तुमचं नाक वर राहावं म्हणून न बघताच भंगारात घालायचं?"

"आणि आतून गेलं असेल तर?"

"तर तसं सांगेन."

त्यांनी किल्ली दिली, पण हात जरा रेंगाळलाच.

इंजिनाचं वरचं झाकण, हेड, उतरताना ते दाराशी उभे होते. पहिला नट कुरकुरला तेव्हा दात त्यांनीच आवळले. लेकीने इंजिनाचा ब्लॉक रॉकेलने धुतला, कोरडा पुसला आणि वर खडूची पूड लावली. थोड्या वेळाने त्या पांढऱ्यावर एक ओली रेघ उमटली. भेगेत शिरलेलं रॉकेल बाहेर येत होतं. रेघ दोन सिलिंडरांमधून निघून खाली, जिथे सगळा जोर पडतो त्या बेअरिंगच्या बैठकीपर्यंत गेली होती.

वस्ताद वाकून बघत म्हणाले, "भेग धातूच्या टाक्यांनी शिवून घेता येईल. निघेल वर्षभर. तुझं पहिलं इंजिन आहे पोरी, कर."

बिनपानांनी घाईघाईने मान डोलावली. इंजिन वाचत होतं, पोरीला कामही मिळत होतं. आणखी काय हवं? तिने तर आपली हत्यारं सकाळीच स्वच्छ फडक्यावर ओळीने मांडून ठेवली होती.

तिने त्या रेघेवरून बोट फिरवत ते थेट बैठकीपर्यंत नेलं.

"नाही," ती म्हणाली. "हे भर रस्त्यात दगा देईल, आणि मागे माणसं बसलेली असतील. इंजिन बदलायचं."

"अगं, पण तुझं..."

"माझं राहू द्या, बाबा. येईल दुसरं कधीतरी." आणि फडकं शोधायच्या निमित्ताने तिने पाठ फिरवली.

वस्ताद समाधानाने हसले. त्या इंजिनाबद्दलसुद्धा एवढा अभिमान बिनपानांना कधी वाटला नव्हता.

संध्याकाळी ते चालतच स्टँडवर गेले. बातमी आधीच पोचली होती. सगळे तोंडं पाडून भोवती जमले. एक जण हळूच म्हणाला, "शेवटी पाना लागलाच म्हणे. फार वाईट झालं."

"इंजिनाचं सोड रे!" बिनपाना म्हणाले. "पहिलं अख्खं इंजिन हाताशी आलेलं. वस्ताद म्हणतोय कर, बाप म्हणतोय कर. आणि माझी पोरगी नाही म्हणाली!"