दगूबाईचा जबडा

लखनच्या मोटारसायकलवर मागे बसलेली त्याची आई दगूबाई नवापूरच्या रस्त्यात गतिरोधकावर उडून पडली आणि तिचा जबडा मोडला. आता डॉक्टरांनी दातांच्या दोन्ही रांगा तारेने बांधल्या आहेत. पातळ पेज कशीबशी आत जाते, शब्द मात्र बाहेर येत नाही. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला लखन सांगतो, "आईले डुलकी लागनी, मी काय करू?" तो प्यायलेला होता, हे तो सांगत नाही.

आज सून भूमिका माहेरी निघाली. लखन तसाच झुलत गाडीवर बसला. दगूबाईने भूमिकेचं मनगट घट्ट धरलं आणि नको नको म्हणून मान हलवली.

भूमिका हळूच म्हणाली, "माले बी वास येस, आई. पन नई बसनू तं तो मारस."

तिने हात सोडवून घेतला, पदर खोचला आणि नवऱ्यामागे बसली.