जर्मन पाहुण्यासमोरचे नियम

जेवणाच्या सुट्टीत आम्ही जे विनोद सांगायचो त्यांत नेहमी एक जर्मन, एक जपानी, एक अमेरिकन आणि शेवटी आपला माणूस असायचा. विमान कोसळत असो नाहीतर वाघ मागे लागलेला असो, जर्मन घड्याळ बघायचा, जपानी कमरेत वाकून माफी मागायचा, अमेरिकन बढाया मारायचा आणि आपला माणूस काहीतरी जुगाड करून सगळ्यांच्या हातावर तुरी देऊन सुटायचा. वसईजवळ वालीवला आमचा कारखान्याचा गाळा होता, तिथे बाटल्यांची प्लास्टिकची झाकणं बनायची. आमच्यापैकी एकानेही तोवर जर्मन माणूस प्रत्यक्ष पाहिला नव्हता, पण त्यांच्याबद्दल आम्हांला सगळं माहीत होतं.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस खराखुरा जर्मन आला. मालकाने तिकडून एक वापरलेलं पण दणकट मशीन आणलं होतं, ते बसवून चालू करून द्यायला आलेला पन्नाशीचा इंजिनिअर. मशीन बसलं, पण त्याची भूक आमच्या मीटरला झेपणारी नव्हती. विजेचा मंजूर लोड वाढवून घ्यायचा अर्ज वीज कार्यालयात कधीचा पडून होता आणि पाहुण्याचं परतीचं तिकीट पुढच्या आठवड्याचं होतं. त्याला पुन्हा बोलवायचं तर मालकाचं कंबरडंच मोडलं असतं. मी नवीन होतो, मनवेलपाड्यातल्या चाळीत भाड्याने राहायचो, आणि कोकणात आईला नोकरी पक्की झाल्याचं आधीच कळवून मोकळा झालो होतो. मालकाने सरळ सांगितलं, तो इथे असेपर्यंत वीज आण, तुला पक्का करतो. नाही जमलं तर दुसरीकडे बघ.

पाहुणा आमच्या विनोदातल्या जर्मनासारखा मुळीच नव्हता. पहिल्याच दिवशी उशिरा आला, कारण वाटेत कोणीतरी त्याला वसईची सुकेळी, म्हणजे वाळवलेली गोड केळी, चाखायला दिली आणि तो तिथेच रमला. पुढे त्याच्या खिशात कायम एक चिकट पुडी असायची. घड्याळ तो बघायचाच नाही. उलट आम्हीच त्याच्यासमोर वेळेवर येऊ लागलो. एकदा धीर करून मी त्याला आमचा एक विनोद मोडक्या इंग्रजीत सांगितला. तो म्हणाला, आमच्याकडेही असे विनोद असतात. त्यांत शेवटी कोण जिंकतं, असं मी विचारलं. तो म्हणाला, सरकारी कारकून.

ते बोलणं मी तेव्हा हसण्यावारी नेलं. माझ्या डोक्यात वीज घोळत होती. गाळ्यातल्या सगळ्यांचं एकमत झालं की पाहुण्यालाच कार्यालयात घेऊन जा, गोरा माणूस पाहिला की कागद आपोआप पळतात. मलाही ते पटलं. आम्ही दोघे रिक्षाने वीज कार्यालयात गेलो.

तिथल्या कारकुनाला मी ओळखत होतो. वसईच्या खाडीकडच्या शेतकरी घरातला, निवृत्तीला आलेला गृहस्थ. एरवी टेबलावर पाय नसले तरी मन नक्की वर ठेवून बसलेला असायचा. पाहुण्याला पाहताच तो ताठ झाला. शर्टाचं वरचं बटण लावलं, चष्मा पुसला, शिपायाला धूळ झटकायला सांगितली आणि माझ्याकडे गाळा भाड्याने देणाऱ्याचं ना-हरकत पत्र मागितलं. ते मी दिलं. मग त्याची साक्षांकित प्रत हवी झाली. मग वायरमनचा टेस्ट रिपोर्ट, तो होता, पण शिक्का फिकट होता. मग स्टॅम्प पेपरवर हमीपत्र. एकेक मागणी करताना तो माझ्याकडे नाही, पाहुण्याकडे बघत होता, आणि पाहुणा अदबीने मान हलवत होता. त्याने मान हलवली की कारकुनाला आणखी एक नियम आठवायचा.

मी दुसऱ्या दिवशी सगळं जमवून, पाहुण्याला घेऊन पुन्हा गेलो. त्या दिवशी तर कार्यालयाच्या साहेबांना बाहेर बोलावून हस्तांदोलन झालं, चहा आला, आपल्याकडे प्रत्येक काम कसं टप्प्याटप्प्याने होतं यावर भाषण झालं. माझा अर्ज एका टप्प्यावरून खालच्या टप्प्यावर गेला. परतताना मला रडू यायचंच बाकी होतं. पाहुणा मात्र रिक्षात सुकेळी चघळत म्हणाला, अगदी घरी आल्यासारखं वाटलं.

त्याच्या जाण्याचा दिवस जवळ आला तसा मालक माझ्याशी बोलेनासा झाला. पाहुण्याला काहीच काम नव्हतं, म्हणून गाळ्यातल्या पोरांनी त्याला चिंचोटीच्या धबधब्यावर नेलं. मी एकटाच कार्यालयात गेलो, तेही आशेने नाही. मालकाने विचारलं तर गेलो होतो एवढं तरी सांगता यावं म्हणून.

कारकुनाने आधी माझ्या मागे दारापर्यंत बघितलं. गोरे साहेब कुठे म्हणून विचारलं. धबधब्यावर गेलेत म्हटल्यावर त्याने शर्टाचं वरचं बटण सोडलं आणि पंखा वाढवायला सांगितला.

"आरं, मग एकटा यायचं ना पयल्यापासून," तो म्हणाला. "त्याच्यासमोर मी तुझं काम असंच केलं आसतं, तर त्यानं तिकडं जाऊन काय सांगितलं आसतं? या लोकांकडं नियम नाय म्हनून."

मी हमीपत्र पुढे केलं. त्याने ते न वाचताच फाईलमध्ये सरकवलं, आत जाऊन सही घेऊन आला आणि पाण्याचा ग्लास माझ्यापुढे ठेवला. फिकट शिक्क्याचं काय, मी विचारलं. "दिसतो की," तो म्हणाला. "पानी पी."

दुसऱ्या दिवशी सकाळी लाइनमन मीटर लावून गेले आणि दुपारी मशीन सुरू झालं. झाकणं टपाटपा पडायला लागली, आम्ही सगळे वेड्यासारखे हसत होतो. पाहुण्याने मला बाजूला घेतलं. शेवटी कोणता कागद कमी होता, हे त्याला जाणून घ्यायचं होतं. देशाची अब्रू माझ्या हातात होती. मी म्हणालो, कुठलाच नाही, सगळं नियमाप्रमाणे झालं. त्याचा चेहरा पडला. म्हणाला, माझ्या घराच्या अंगणात एक साधी शेड घालायची परवानगी कितीतरी वर्षं अडकली आहे, मला वाटलं होतं तुमच्याकडे काहीतरी वेगळी युक्ती शिकायला मिळेल. मला त्याची दया आली आणि मी खरं सांगून टाकलं, की आमचा कारकून तुम्ही समोर होता म्हणून तसा वागत होता.

"आमच्या कार्यालयात परदेशी माणूस कोणीच येत नाही," तो म्हणाला. "तरी ते तसेच वागतात."

मग मालक आला. पाहुण्यासमोरच त्याने माझी पाठ थोपटली आणि घसा खाकरून सांगितलं की आमच्या कंपनीत नोकरीत कायम करण्याची एक रीतसर पद्धत आहे, आधी अर्ज, मग कामाचा आढावा, मग मुलाखत. नवीनच नियम होते हे, आणि आमची कंपनी म्हणजे मालक, त्याचा मेहुणा आणि आम्ही. पण आता मी शहाणा झालो होतो. पाहुण्याची टॅक्सी विमानतळाच्या दिशेने वळेपर्यंत हात हलवत उभा राहिलो, आणि मग मालकाच्या खोलीत एकटाच गेलो.

"झालास की पक्का," हिशेबातून डोकं वर न काढता तो म्हणाला. "पत्र देऊ नंतर."

त्या गाळ्यात मी पुढे बरीच वर्षं सुखाने काम केलं. ते पत्र काही मला मिळालं नाही, आणि मीही ते कधी मागितलं नाही.