जाळीवरचा ससा

रुग्णालयात तीस वर्षं फरशी पुसलेल्या मावशींच्या घरात काडीही इकडची तिकडे होत नसे. मुलीने सासरी जाताना त्यांच्याकडे सोपवलेल्या सशाचा पिंजराही त्यांनी तसाच राखला. तळाला नुसती तारेची जाळी आणि रोज फिनेल. गवत म्हणजे कचरा, ते त्यांनी पहिल्याच दिवशी काढून टाकलं. पुढे ससा कोपऱ्यात बसून राहू लागला, एकदा हा पाय उचलायचा, एकदा तो. "आळशी झालाय, जावयावर गेलाय," मावशी म्हणायच्या.

त्याने खाणं सोडल्यावर त्या त्याला घेऊन जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. बाईंनी त्याला उलटा केला. मागच्या दोन्ही टाचांची लव झडली होती. डावी नुसती लाल होती, उजवीवर खपली आणि खाली पू.

"मावशी, सशाच्या तळव्याला गादी नसते, असते ती नुसती लव. या जाळीवर तुम्ही अनवाणी उभ्या राहाल का?"

"मला टोचलं असतं तर मी नसतं सांगितलं का?" मावशी पुटपुटल्या. "याला बोलता कुठं येतं?"

मग रोज मिठाच्या पाण्याने जखम धुणं, मलम, पट्टी, वेदनेचं औषध, आणि जाळीवर वीतभर सुकं गवत. डाव्या टाचेवर लव आली. उजवीचा पू हाडात उतरला होता. चौथ्या आठवड्यात ससा गेला.

मुलगी आली तेव्हा मावशींनी सवयीने पिंजरा घासून ठेवला होता.

"किती स्वच्छ ठेवायचीस गं त्याला, आई," मुलगी रडत म्हणाली.

मावशी खाली फरशीकडे बघत राहिल्या.