अमला नावाच्या मुली

खालच्या आळीतल्या दवाखान्यात एकवीस वर्षं बाळंतपणं करणाऱ्या नर्सबाईंना लहानथोर सगळे मावशीच म्हणत. त्यांचं नाव अमला. जिच्यात मळ नाही ती अमला, स्वच्छ, निर्मळ. आईनं हे नाव आपल्या शाळेतल्या बाईंवरून उचललं होतं. मावशींच्या लहानपणी मात्र ते जुनाट वाटायचं. वर्गातल्या पोरी "अमलाआजी" म्हणून चिडवायच्या आणि ही हिरमुसून घरी यायची.

नावाचे दिवस पालटले ते एका अवघड बाळंतपणानं. आळीच्या टोकाला जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवायची भट्टी होती. तिथल्या एका कामगाराच्या बायकोचं मूल आडवं आलं होतं. डॉक्टर परगावी गेलेले. मावशींनी नऊ तास खिंड लढवली आणि मायलेकी दोघी सुखरूप सुटल्या. बापानं मुलीचं नाव अमला ठेवलं. पुढच्या महिन्यात शेजारणीनं तेच ठेवलं, मग तिच्या जावेनं. दोन वर्षांत त्या आळीत एकोणीस अमला झाल्या. कुरळी अमला, जिन्याखालची अमला, बोबडी अमला. दारातून एक हाक मारली की पाच जणी धावत यायच्या. जन्मनोंदणीच्या कारकुनाला लोक 'शिक्के' म्हणत. तो म्हणाला, "मावशी, हात दुखला हो लिहून. तुमच्या नावाचा रबरी शिक्काच बनवून घेतो आता."

मुली सहा वर्षांच्या झाल्या आणि कुरळ्या अमलेचं जेवण तुटलं. पोट धरून बसायची, चेहरा खडूसारखा पांढरा. मग तिला झटके येऊ लागले. तिसऱ्या आठवड्यात ती गेली. पाठोपाठ बोबडीला पेन्सिल धरवेना; हात मनगटातून लुळा पडला होता. शाळेत हजेरीला बाई अमला म्हणायच्या, तेव्हा एकेका दिवशी चार-चार जागा रिकाम्या असायच्या. पुढे बाईंनी ते नाव मोठ्यानं घेणंच सोडलं.

आळीत कुजबुज सुरू झाली. नळावर मावशी आल्या की बोलणं थांबायचं. एका बाळंतिणीच्या सासूनं दारातूनच सांगितलं, "तुम्ही नका येऊ. आम्ही दुसरी बाई बघितली आहे."

मावशी पिशवी घेऊन परतल्या.

एके दुपारी त्या नोंदणी कचेरीत जन्माचे कागद द्यायला गेल्या. खिडकीशी तोच कामगार उभा होता, ज्यानं पहिल्यांदा नाव ठेवलं होतं. मावशींना बघून त्यानं मान खाली घातली.

"नाव बदलायला आलोय," तो म्हणाला. "राग मानू नका, मावशी. नाव जड जातंय पोरीला."

"पोरगी कशी आहे?"

"पोटात कळा येतात. थोरलीलाही यायला लागल्यात आता."

"थोरलीचं नाव तर माझं नाही."

शिक्क्याचा हात वहीवर थबकला.

मावशी तशाच त्याच्या घरी गेल्या. दोन्ही मुलींना उजेडात बसवून ओठ वर करून बघितलं. दोघींच्या हिरड्यांच्या काठाला निळसर-काळी रेघ होती, शिसपेन्सिलीनं ओढल्यासारखी. शिसं अंगात भिनलं की अशी रेघ उमटते, हे त्यांना ठाऊक होतं. खिडकीच्या कठड्यावर बोट फिरवलं, तर बोटाला राखाडी भुकटी. बापाचे भट्टीतले कामाचे कपडे मुलींच्या अंथरुणावरच पडले होते.

मग त्या घरोघर फिरल्या. काहींनी दार लावून घेतलं, काहींनी तोंडावर बोल लावले. शिक्क्यानं स्वतःहून पत्ते काढून दिले. एकोणिसांपैकी दोघी तान्ह्या असतानाच टेकडीवर राहायला गेल्या होत्या. त्या दोघी ठणठणीत, आणि भट्टीजवळची दुसऱ्या नावांची मुलंही आजारीच. त्या वर्षांत आळीत जन्मलेल्या निम्म्या मुली अमलाच, म्हणून लोकांना तेवढंच दिसलं होतं.

डॉक्टरांनी आधी हात झटकले. "भट्टी मोठ्या लोकांची आहे, मावशी. कशाला विस्तवाशी खेळता?"

"तुम्ही रक्त काढू नका. मी काढते. चिठ्ठीवर सही तेवढी करा."

अठ्ठावीस नमुने गेले. सगळ्यांत शिसं निघालं. अहवाल शाळेच्या भिंतीवर लागला, तेव्हा बायकाच भट्टीच्या फाटकाशी जाऊन बसल्या. बाराव्या दिवशी भट्टी विझली. मुलींवर उपचार सुरू झाले. बोबडीचा हात अर्धा सुधारला. आणखी एक अमला मात्र वाचली नाही.

नाव बदललेल्या अकरा जणींपैकी कुणी ते परत लावलं नाही. मावशींनीही कुणाला म्हटलं नाही. बाळंतिणी पुन्हा बोलावू लागल्या, पण मुलगी झाली की घरातली मंडळी आधी दुसरं एखादं नाव घाईनं सांगून टाकत.

वर्षभरानं शिक्के धापा टाकत दवाखान्यात आला. "मावशी, ओढ्यापलीकडच्या नव्या वस्तीत बॅटऱ्यांचे ट्रक उतरतायत. फाटकावर पाटीही नाही."

मावशी खिडकीशी गेल्या. ओढ्यापलीकडे धूर सरळ वर चढून हळूच घरांवर पसरत होता. तिथं किती मुलं आहेत, कुणाच्या वहीत नव्हतं. त्यांनी रक्ताच्या रिकाम्या बाटल्या पिशवीत भरल्या आणि चपला पायात सरकवल्या.