गिरणीच्या कमानीतला खळगा

अर्जदार: संपानंतर बंद पडलेल्या लालबागच्या गिरणीतले एक जुने कामगार. साक्षीदार: अर्जलेखक, म्हणजे मी स्वतः. घटना: काल सकाळची.

गिरणीची दगडी कमान पाडू नये म्हणून हे गृहस्थ दर सोमवारी माझ्याकडून पालिकेच्या साहेबांच्या नावे अर्ज लिहून घेतात. "कमान जुनी असल्याचा पुरावा आणा," मी बजावले.

"कागद कसलो मागतास मास्तरांनू? चला!"

कमानीपाशी त्यांनी चपला काढल्या आणि माझा हात एका दगडावर ठेवला. तिथे तळहाताएवढा गुळगुळीत खळगा होता.

"पाळीवर जाताना जो तो हयसर हात लावून कपाळाक लावी. माझो आजोसुद्धा."

नकळत माझाही हात कपाळाकडे गेला.

तरी साहेबांनी कमान पाडण्यापूर्वी या खळग्यात स्वतः हात ठेवून पाहावा आणि मगच लेखी उत्तर द्यावे, ही नम्र विनंती.