बर्फावरून परत आलेला झारा

उत्तम गेल्याचा फोन आला तेव्हा मी ट्रॅक्टरचा डिझेल पंप उघडून बसलो होतो. दिग्रसच्या स्टँडमागे माझं गॅरेज आहे, सकाळचे दहा वाजले असतील. फोनवर त्याची बायको, शीलावहिनी, कॅनडाहून बोलत होती. "रफीकभाऊ, ते गेले... तळ्यावर, खोपीतच. हार्ट अटॅक." मी "बरं" म्हणालो. खरंच, एवढंच म्हणालो. फोन ठेवला, पंप जोडला, ट्रॅक्टर चालू करून पाहिला, आवाज ठीक आहे असं गिऱ्हाइकाला सांगितलं आणि हात धुतले. पन्नास वर्षांपासूनचा दोस्त जातो आणि हा बाबा हात धुतो! त्याची लाजसुद्धा मला दुसऱ्या दिवशी वाटली.

उत्तम आमच्या गावाजवळच्या तांड्यातला. पाचवीपासून आम्ही एका बाकावर. सुट्टी असली की अरुणावतीच्या काठी गळ टाकून बसायचो. मासा लागो न लागो, उत्तम उठायचा नाही. मला मात्र दहा मिनिटांत कंटाळा यायचा. पुढे मी बापाच्या गॅरेजात शिरलो आणि तो ट्रकवर गेला. आधी कापसाच्या गाठी वाहिल्या, मग आखाती देश, मग कॅनडा, तोही पार उत्तरेकडचा. मी हसलो तर म्हणाला, "आमचे लोक लदेणीवालेच ना बे. बैल गेले, ट्रक आला. माल पोचवनं काही सुटत नाही." तिथे वर्षातले पाच महिने सगळं गोठलेलं. पहिल्या हिवाळ्यात फोनवर रडकुंडीला आला होता. दुसऱ्या हिवाळ्यात एकदा त्याचा फोन आला तो फारच खुशीत.

"कुठं आहेस?"

"तळ्यावर."

"काठावर?"

"नाई बे, तळ्यावर! पाण्याच्या वर. बर्फाले भोक पाडलं अन् गळ टाकून बसलो."

मला वाटलं, थंडीनं याचं डोकं गेलं. मग त्यानं मोबाइलवर दाखवलं. जिकडे पाहावं तिकडे पांढरं, त्यावर लाकडी खोप्या आणि खोप्यांशेजारी गाड्या उभ्या. मोटरच्या गिरमिटानं दोन-अडीच फूट जाड बर्फाला भोक पाडायचं, त्यात वीतभर काठीचा गळ सोडायचा आणि बसायचं. शेवटी त्याला त्याची अरुणावती सापडली होती. फक्त एक बजावलं, "याडीले सांगू नको. तिले वाटते, मी ट्रक चालवतो अन् घरात बसतो. तळ्यावर बसतो म्हटलं तर झोपणार नाही ती." याडी म्हणजे त्याची आई. अख्खा तांडा तिला याडी म्हणतो, मीही म्हणतो. मी कबूल झालो. दोस्तासाठी एवढं खोटं कोणी बोलत नाही का?

त्या भोकावर सारखी बर्फाची साय धरते, ती काढत राहावी लागते. तिथल्या दुकानातली पळी त्याला पसंत नव्हती. "याडीचा भज्याचा झारा पाहिजे," म्हणायचा, "बाजारातल्या लोहारानं केलेला. त्याची भोकं बरोबर आहेत." तीन हिवाळ्यांपूर्वी तिकीट पाठवून त्यानं मला बोलावलं तेव्हा मी याडीकडे गेलो आणि घरी बुंदी करायची आहे असं सांगून तो लोखंडी झारा मागून आणला. तेव्हापासून बाजाराच्या दिवशी गॅरेजसमोर थांबून ती विचारायची, "काबे रफ्या, तुही बुंदी झाली नाही का अजून?" मी म्हणायचो, "देतो ना याडी." निर्लज्जासारखा हसायचोसुद्धा.

तिथे पहिल्याच दिवशी मी आपली अक्कल दाखवली. खोपीबाहेर बर्फावर झारा पडलेला, मी हातमोजा काढला आणि उघड्या हातानं उचलला. भज्याचा झारा उचलायला कोणी मोजे घालतं का? तळहात लोखंडाला चिकटला तो चिकटलाच. ओढायला लागलो तसा उत्तम धावला, "ओढू नको! कातडं येईन!" आणि थर्मासातला कोमट चहा हातावर ओतला. हात सुटला. बोटं पांढरीफटक, पण दुखत काहीच नव्हतं. मी म्हणालो, चला, थोडक्यात वाचलो. तो हसला नाही. खोपीत नेऊन माझा हात त्यानं आपल्या काखेत धरला. "दुखून नाही राह्यलं, म्हणून भेव आहे. दुखलं की सांगजो. दुखलं म्हंजे हात परत आला." बऱ्याच वेळानं दुखायला लागलं तेव्हा मी असा बोंबललो, की तो हसायला लागला. मग माझ्या दुपट्ट्याची पट्टी फाडून त्यानं झाऱ्याच्या दांड्याला घट्ट गुंडाळली आणि वर गाठ मारली. नवा दुपट्टा होता माझा! "आता घे, चिकटणार नाही," म्हणाला.

यंदाच्या हिवाळ्यात तो त्याच खोपीत गेला. अंत्यसंस्कार तिकडेच झाले, ते मी मोबाइलवर पाहिले आणि जेवलो. वहिनी अस्थी घेऊन तांड्यावर आली त्या दिवशी मी गर्दीत मागे उभा होतो. याडी येईल त्याला एकच विचारत होती, "थंडीनं गेला ना माहा पोरगा? बरफावर बसला होता म्हंते. कोनं बसवलं त्याले?" लोक सांगत होते, अटॅक होता याडी, अटॅक. ती मान हलवायची. त्या खोपीत त्याच्या बाजूला बसलेला त्या गर्दीत मी एकटाच होतो. पुढे होऊन दोन शब्द सांगायचे तर मी वहिनीनं दिलेली पिशवी काखेत मारून निघून आलो. पिशवीत झारा होता.

पाच आठवडे तो गॅरेजात पान्यांमध्ये टांगलेला होता. येता-जाता दिसायचा. काही वाटायचं नाही. राग नाही, रडू नाही. बायको म्हणाली, "इन्सान हो या पत्थर?" मलाही कळेना. एवढं मात्र कळत होतं, की म्हातारी रोज आपल्या मनात पोराला गारठवून मारते आहे आणि मी भित्र्यासारखा पंप दुरुस्त करतो आहे. मग एका दुपारी, ऊन मी म्हणत असताना, झारा घेऊन गेलो.

याडी ओट्यावर बसली होती. मी झारा तिच्यासमोर ठेवला आणि सगळं सांगून टाकलं. बुंदी खोटी होती, झारा तिकडे नेला होता, तळ्याचं मला सुरुवातीपासून माहीत होतं. ती रागावली नाही. म्हणाली, "आता खरं सांग. थंडीनं गेला?"

"नाही याडी. खोपीत शेगडी असते. इतकं गरम, की बनियनवर बसते तो. मी बसलो ना त्याच्या बाजूले. चहा पेते, तुह्या भज्याच्या गोष्टी सांगते..."

"बनियनवर?"

"बनियनवर. तुही शपथ."

तिनं झारा उचलून दांड्यावरून बोटं फिरवली. "हे फडकं काहून?"

"माहा हात चिकटला होता. त्यानं बांधून देल्लं."

"दाखव." तिनं माझा तळहात उलटा-सुलटा करून पाहिला. अजून एक फिकट डाग आहे तिथे. "अन् त्याचा?"

"त्याचा कधीच नाही चिकटला."

"तो कायले चिकटीन? तो तुह्यासारखा येडा थोडाच होता," याडी म्हणाली आणि माझा हात तसाच धरून बसली. खरबरीत, गरम हात. तेव्हा मला दुखायला लागलं. घरच्या बाया बाहेर येऊन पाहायला लागल्या, इतका मोठ्यानं रडलो मी.

परवा पुन्हा गेलो होतो. याडीनं चुलीवर कढई ठेवली होती, भजे काढत होती. दुपट्ट्याची पट्टी तेलानं काळी पडलेली. मी म्हणालो, "याडी, थे फडकं सोडून टाकू का? इथं कुठं थंडी आहे?"

"राहू दे," ती म्हणाली, "त्यानं बांधलं तवापासून हात भाजत नाही माहा."